बदकाचा तळवा बरा होऊन पुन्हा का सुजतो

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. बदक एका पायावर जोर देत नाही. उचलून पाहिलं तर तळव्याच्या मधोमध काळी खपली आणि भोवती सूज. कोमट पाण्यात पाय बुडवला, बीटाडीन लावलं, थोड्या दिवसांत बदक नीट चालायला लागलं. मग पाऊस लागतो आणि त्याच पायाला, त्याच जागी पुन्हा तेच. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांत ज्यांच्या परसात चार-सहा बदकं आहेत, त्यांना हे नवं नाही. घरातली जुनी माणसं कुरूप झालं म्हणतात, डॉक्टर पोडोडर्मटायटिस म्हणतात आणि व्हिडिओ बघून शिकलेले बंबलफूट. नाव काहीही घ्या, प्रश्न एकच: बरा झालेला पाय पुन्हा का बिघडतो?

माझं मत असं की औषध बहुतेक वेळा चुकत नाही, मोजमाप चुकतं. लंगडणं थांबलं की आपण पाय बरा झाला असं धरतो आणि बदकाला परत त्याच जमिनीवर सोडतो. पण लंगडणं सगळ्यात आधी थांबतं आणि आतला जंतुसंसर्ग सगळ्यात शेवटी जातो. शिवाय बदक हा शिकार होणारा पक्षी. दुखणं दाखवलं तर जीव जातो, हे त्याच्या रक्तातच आहे. ते लंगडताना दिसतं तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं, आणि ते चालायला लागलं एवढ्यावरून तळव्याबद्दल फारसं काही कळत नाही.

आत काय उरतं ते आधी बघू. तळव्याच्या गादीला बारीक चीर पडते किंवा काटा रुततो, आणि तिथून जंतू शिरतात. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकोकस ऑरियस असतात, म्हणजे कातडीवर एरवीही वावरणारेच. कधी विष्ठेतले ई. कोलायही असतात. माणसाच्या गळवातून पू वाहतो, दाबला की बाहेर येतो. पक्ष्यांत तसं होत नाही. पू पातळ करणारी विकरं (एन्झाइम) त्यांच्या पांढऱ्या पेशींत आपल्याइतकी नसतात, त्यामुळे पक्ष्याचा पू घट्ट होऊन पनीरच्या चुऱ्यासारखा आतच बसतो. तो दाबून निघत नाही. जोरात दाबलं तर उलट आजूबाजूच्या चांगल्या मांसात पसरतो. वरची खपली पडते, कातडी जुळते आणि आत तो खडा तसाच राहतो. पुढच्या पावसात त्याच जागी सूज येते ती यामुळे.

आता जमीन. गोव्यात हे दुखणं दोन ऋतूंत मिळून तयार होतं, आणि आपण फक्त दुसरा ऋतू पाहतो. मार्च ते मे या काळात चिऱ्यांची खडी आणि सिमेंटची लादी तापते, तळव्याची कातडी कोरडी पडून भेगाळते. तेव्हा बदक लंगडत नाही, म्हणून कोणी पाय उचलून बघत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत किनारपट्टीवर साधारण 3000 मिलिमीटर कोसळतो. बदकांच्या खोपटाभोवती चिखल आणि विष्ठा एक होतात. सतत ओल्या राहिलेल्या तळव्याची कातडी मऊ पडते, विष्ठेतला अमोनिया तिला आणखी कुरतडतो आणि उन्हाळ्यातल्या भेगा जंतूंसाठी उघड्या होतात. बदकाला पाणी लागतं, म्हणजे चिखल चालतो, असा आपला समज असतो. पोहण्याचं स्वच्छ पाणी त्याच्या पायाला चांगलंच, कारण पोहताना तळव्यावर वजन पडत नाही. त्रास होतो तो पाण्याच्या भांड्याभोवतीच्या घाण चिखलाचा.

परसात एकदा खाली वाकून हिंडून बघा, म्हणजे आणखी गोष्टी सापडतील. तिसऱ्या आणि खुबे खाऊन झाले की शिंपल्या अंगणात फेकायची आपली सवय. बदकांना कॅल्शियम मिळतं हे खरं, पण फुटलेल्या शिंपलीची कड ब्लेडइतकी धारदार असते. शिंपल्या भाजून, बारीक कुटून एका थाळीत ठेवा, जमिनीवर पसरू नका. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, लाजाळूचे काटे असतात. माडाची चुडतं (झावळ्या) ओढत नेताना तुटलेले हीर, म्हणजे पात्यांच्या टोकदार काड्या, जागच्या जागी राहतात. माशांची मुंडकी टाकली की काटे तिथेच पडून राहतात. खोपटाला तारेच्या जाळीचा तळ असेल तर रोजच्या रोज तळवा त्या तारेवर दाबला जातो.

उडी हे कारण फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. खोपट पाण्यापासून वाचावं म्हणून आपण ते चिऱ्यांच्या जोत्यावर बांधतो. ते बरोबरच आहे. पण सकाळी दार उघडलं की बदकं थेट खाली दगडावर उड्या मारतात. खाकी कॅम्पबेल जातीची बदकी दोन-सव्वादोन किलोची, तिचं निभावतं. पांढऱ्या पेकिन जातीच्या बदकाचं वजन साडेतीन-चार किलोपर्यंत जातं, तो सगळा भार एका क्षणी दोन तळव्यांवर येतो. रोज सकाळी हेच. जोत्याला पोफळीची किंवा माडाची फळी तिरपी लावा, वर गोणपाट ठोका. मला विचाराल तर या फळीने औषधाच्या बाटलीपेक्षा जास्त पाय वाचतात.

तुमच्याकडे नेमकं कुठलं कारण आहे, हे पायाची खूण पाहून बरंचसं कळतं. एकाच बदकाच्या एकाच पायाला, अगदी त्याच बिंदूवर पुन्हा सूज आली, तर आत काही उरलंय असं समजा. मग घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टरांकडूनच ते काढून घ्यावं लागेल. एकाच बदकाचे दोन्ही तळवे बिघडले, तर त्याचं वजन आणि खाणं बघा. बऱ्याच बदकांचे तळवे एकाच हंगामात बिघडले, तर दोष जमिनीचा. आणि एक पाय दुखतो म्हणून बदक दुसऱ्यावर सगळा भार टाकत असेल, तर काही दिवसांनी तो दुसराही सुजतो. म्हणून तपासताना नेहमी दोन्ही पाय बघायचे, चांगला दिसणारा आधी.

पिल्लांचं वेगळं. तीन-चार आठवड्यांची पिल्लं लंगडताहेत, पाय वाकडे पडताहेत, घोट्याचा सांधा जाड झालाय, पण तळवा स्वच्छ आहे, तर हे कुरूप नव्हे. बहुतेक वेळा नियासिन हे जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. बदकाच्या पिल्लांना ते कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, खाद्याच्या एका किलोमागे सुमारे 55 मिलिग्रॅम. फक्त कोंबडीचं खाद्य किंवा भातावर वाढवलेल्या पिल्लांना ते पुरत नाही. अशा पिल्लांसाठी ब्रुअर्स यीस्ट लवकर सुरू करा. उशीर झाला तर वाकलेले पाय सरळ होत नाहीत.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, पावाचं सांगतो. उरलेले उंडे आणि पोळे (दोन्ही पावाचेच प्रकार), उकड्या तांदळाचा भात, हे बदकं आवडीने खातात आणि जाड होतात. पावातून पोट भरतं, कातडी टिकवणारं जीवनसत्त्व अ मिळत नाही. ते कमी पडलं की तळव्याचं आवरण कमकुवत होतं. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, तांबडी भाजी, अझोला (पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं नेचं) यांतलं जे परसात असेल ते रोज थोडं द्या. पाव बंद केला तर दोन दिवस आरडाओरडा होतो, शेजारी विचारतात, मग सगळं शांत होतं.

आता उपचार. पाय हातात घेण्याआधी बदक नीट धरायला शिका. जुन्या टॉवेलात पंख गुंडाळायचे, बदकाची पाठ आपल्या छातीशी, पाय बाहेर. पायांना धरून उचलू नका. छातीही आवळू नका, कारण पक्षी छातीचं हाड हलवूनच श्वास घेतात, हाड अडलं तर श्वास अडतो. एकाने धरायचं, दुसऱ्याने बघायचं. हातमोजे घाला, कारण हेच जंतू आपल्या बोटावरच्या चिरेतही शिरू शकतात. आणि पाय बुडवायचं घमेलं वेगळं ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

तळवा फक्त लालसर, चकाकणारा, थोडा जाड असेल आणि खपली नसेल, तर औषधाची फारशी गरज नाही. जमीन बदला, वजन बघा, रोज पाय धुऊन कोरडा करा. उन्हाळ्यातल्या कोरड्या भेगांना खोबरेल तेल चालतं.

लहान काळी खपली आहे, सूज नाही किंवा अगदी थोडी आहे, हाताला गरम लागत नाही, बदक खाऊन-पिऊन आहे, अशी अवस्था घरी सांभाळता येते. कोमट पाण्यात, म्हणजे कोपर बुडवल्यावर सहज सहन होईल इतक्या पाण्यात, एप्सम सॉल्ट विरघळवा. दोन लिटरला दोन-तीन मोठे चमचे पुरे. दहा-पंधरा मिनिटं पाय त्यात राहू द्या. बदक हे पाणी प्यायला बघेल, पिऊ देऊ नका, जुलाब लागतात. मग पाय कोरडा टिपून पोव्हिडोन आयोडीन, म्हणजेच बीटाडीन, लावा. एक भाग औषधाला दहा भाग पाणी, बाटलीतलं तसंच घट्ट नको. खपली आपोआप सैल होऊन निघाली तर ठीक, नखाने खरवडू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड एकदा धुवायला ठीक, पण रोज ओतलं तर नवी येणारी कातडीही जळते.

हळदीबद्दल कोणाला दुखवायचं नाही. पण हळद लावली की तळवा पिवळा होतो आणि उद्या लाली वाढली की कमी झाली ते कळत नाही. जेन्शन व्हायोलेटचंही तेच, सगळं जांभळं. ज्या जखमेवर लक्ष ठेवायचं आहे तिला रंगवू नये.

पट्टी बांधायची असेल तर जखमेला न चिकटणारं गॉज, त्यावर मऊ गॉजची छोटी घडी आणि वर स्वतःलाच चिकटणारी पट्टी. घडीला मधे भोक पाडा, म्हणजे चालताना दाब जखमेवर न येता कडेला पडतो. पट्टी बोटांच्या मधून घेऊन पायाच्या नळीवर संपवायची. तासाभराने बोटं हाताला लावून बघा. थंड किंवा फुगलेली वाटली तर पट्टी घट्ट झाली आहे. रोज बदला, आणि ओली झाली तर लगेच बदला. पावसाळ्यात बाहेर सोडलेल्या बदकाची पट्टी काही मिनिटांत चिखलाचं पोटीस होते, त्यापेक्षा नसलेली बरी.

म्हणून या दिवसांत बदक पडवीत हवं. खाली रबरी मॅट, वर जुना टॉवेल, दिवसातून दोनदा बदललेला. एकट्याला ठेवू नका. सोबतीला दुसरं एखादं शांत बदक ठेवा, नाहीतर ते खाणं सोडतं. पोहणं बंद असलं तरी नाकपुड्या आणि डोळे धुवायला डोकं पूर्ण बुडेल इतकं खोल पाणी त्याला लागतंच. अरुंद बालदी चालते, त्यात पाय घालता येत नाहीत. बालदी लाकडी पट्ट्यांच्या पाटावर ठेवा, सांडलेलं पाणी खाली जातं.

मोठी सूज, गरम तळवा, जाड खपली, लंगडणं, किंवा सूज बोटांकडे वा घोट्याकडे चढलेली, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा. घरी ब्लेडने तो खडा काढण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, बघायला सोपे वाटतात. तळव्यात त्याच जागी स्नायुबंध आणि रक्तवाहिन्या आहेत, आणि भूल दिलेली नसते. मला हा क्रूरपणा वाटतो, आणि अर्धवट काढलेला खडा हेच पुन्हा सुजण्याचं मोठं कारण असतं. डॉक्टर भूल देऊन आतलं स्वच्छ करतात, जंतूंचा नमुना तपासायला पाठवून मग प्रतिजैविक ठरवतात, आणि हाडापर्यंत गेलंय का ते एक्स-रेने बघतात. हाडात गेलं असेल तर बरं होणं अवघड असतं.

राज्याच्या पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याचे दवाखाने तालुक्यांत आहेत. तिथे रोज गाई आणि कुत्री येतात, बदक क्वचित. त्यामुळे जाताना तळव्याचे आधीचे फोटो, आतापर्यंत काय लावलं त्याची यादी आणि बदकाचं वजन सोबत न्या, म्हणजे मात्रा ठरवायला सोपं जातं.

घरातल्या कपाटाला मात्र कुलूप लावा. गुडघेदुखीच्या मलमात आणि गोळ्यांत डायक्लोफेनॅक असतं. ते पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. भारतात गिधाडं मेली ती यानेच, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. सुन्न करणारी माणसांची मलमंही पक्ष्यांना अंदाजाने लावू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल असलेलं मलम अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना वापरायला बंदी आहे. आणि प्रतिजैविक सुरू असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. तोवरची अंडी पुरून टाका, शेजाऱ्यांना वाटू नका.

आता ज्याने खरा फरक पडतो ते, म्हणजे नोंद. पहिल्या दिवशी दोन्ही तळव्यांचा फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. नाण्यामुळे सूज किती मोठी ते पुढच्या फोटोशी ताडता येतं, नुसत्या नजरेला रोज तेच दिसतं. फोटो एकाच जागी, दिवसाच्या उजेडात, पाय धुऊन. उपचार चालू असताना दर तीन दिवसांनी, नंतर आठवड्याला. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही तळव्यांची ऊब ताडून बघा आणि कालनिर्णयच्या चौकटीत एवढंच लिहा: गरम की सारखा, खपली आहे की नाही, वजन किती. वजनासाठी कापडी पिशवीत बदक बसवून हातात धरायच्या काट्याला लटकवलं की झालं. बदक खात असूनही वजन उतरत असेल, तर तळवा कसाही दिसो, काहीतरी बिनसलं आहे.

बरं झालं असं कधी म्हणायचं? तळव्याची कातडी सगळीकडे सारख्या जाडीची, दाबल्यावर मऊ, मधे कडक गुठळी नाही, ऊब दुसऱ्या पायाइतकीच, आणि हे सगळं लागोपाठ तीन-चार आठवडे तसंच. गुठळी हाताला लागते पण बाहेरून काही दिसत नाही, ही अवस्था फसवी असते. तिथेच पुढच्या जूनची सूज बसलेली असते.

काही वेळा मात्र पाय हे मूळ दुखणं नसतंच. एकदम बरीच बदकं लंगडायला लागली, सांधे सुजले, हिरवट जुलाब, अशक्तपणा, एखादं मेलं, तर तो बदकांमधल्या कॉलरा किंवा प्लेगसारखा साथीचा आजार असू शकतो. पाय लुळे पडून मग पंख आणि मान लुळी पडली, तर साचलेल्या डबक्यातल्या सडक्या गोष्टींतून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाची बाधा, झाल्याची शक्यता असते. अशा वेळी पाय बुडवत बसू नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, लगेच खात्याला कळवा.

जमिनीची कामं मे महिन्यात करायची. एकदा पाऊस लागला की सुकं काही मिळत नाही. भाताचं तूस गोण्यांत भरून कोरड्या जागी ठेवा. पेंढा पावसाळ्यात बुरसतो आणि बुरशी बदकांच्या फुफ्फुसात जाते. खोपटासमोर घालायला नदीची धुतलेली रेती सगळ्यात चांगली, पण ती नेहमी मिळतेच असं नाही. त्याऐवजी नारळाच्या सोडणांचे तुकडे किंवा लाकडाचा जाड भुसा चालतो. चिखलावर चुना मारायची पद्धत आहे, पण ओल्या तळव्यावर चुना भाजतो. मारायचाच तर बदकं दुसरीकडे ठेवून, आणि जागा पूर्ण सुकल्यावर वरचा चुना झाडून मगच त्यांना आत घ्या. पाण्याची जागा खोपटापासून लांब, उतारावर न्या. त्याच आठवड्यात प्रत्येक बदकाचा पाय उचलून पहिला फोटो काढून ठेवा, आणि चतुर्थीच्या सुमारास पुन्हा. त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, बदक धरायला हात कमी पडत नाहीत.